दिवाळीत संभाव्य ग्राहकांना व्यवसायविषयक पुस्तक भेट द्यायचे असेल, तर

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझा कॉम्प्रेसरच्या देखभालीचा लहानसा व्यवसाय आहे. आमच्या कामात कोटेशन दिल्यापासून पहिली ऑर्डर हाती पडेपर्यंत कधी सहा महिने जातात, कधी दोन वर्षेही जातात, आणि त्या काळात समोरच्या माणसाने आपल्याला विसरू नये एवढीच माफक अपेक्षा असते. त्या अपेक्षेपोटी दिवाळीत सुक्या मेव्याचे डबे वाटून झाले, आणि ते डबे साहेबांच्या टेबलावरून सरळ स्टाफच्या पँट्रीत जातात हेही पाहून झाले. मग मी पुस्तकांकडे वळलो.

पहिल्या वर्षी यशाची सूत्रे सांगणाऱ्या एकाच गाजलेल्या पुस्तकाच्या साठ प्रती घेतल्या आणि सर्वांना सारख्याच वाटल्या. जानेवारीत चाकणच्या एका कारखानदारांच्या केबिनमध्ये बसलो असताना टीपॉयवर त्याच पुस्तकाच्या तीन प्रती एकावर एक रचलेल्या दिसल्या. तिन्हींचे प्लास्टिकचे वेष्टन शाबूत होते आणि त्यांतली एक माझी होती. त्यानंतर पद्धत पुरती बदलली. आता मी पंधरा ते वीसच पुस्तके देतो, पण प्रत्येक पुस्तक एका विशिष्ट माणसासाठी निवडलेले असते. ही पद्धत प्रथमच वापरू पाहणाऱ्यांसाठी पुढील टप्पे क्रमाने लिहिले आहेत.

१. यादी करा, आणि ती निम्मी करा

संभाव्य ग्राहक म्हणजे ज्याचे व्हिजिटिंग कार्ड आपल्या खणात पडले आहे असा कोणीही नव्हे. ज्याच्याशी कामाविषयी किमान एकदा समोरासमोर किंवा फोनवर नीट बोलणे झाले आहे, अशाच व्यक्ती यादीत घ्याव्यात. प्रदर्शनात दोन मिनिटे भेटलेल्या माणसाला एकदम पुस्तक पाठवले, तर त्याला प्रथम ‘हे कोण?’ असा प्रश्न पडतो आणि नंतर ‘यांना काय हवे आहे?’ असा.

प्रत्येक नावापुढे पाच गोष्टी लिहाव्यात: हुद्दा, वाचनाची भाषा, शेवटच्या भेटीत निघालेला कामाचा विषय, कोटेशनची सद्यस्थिती आणि कंपनीचे भेटवस्तूंविषयीचे धोरण. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर ते नाव या वर्षी वगळावे, कारण त्या माणसासाठी पुस्तक निवडण्याचा कोणताही आधार आपल्याजवळ नसतो. माझी यादी पहिल्या फेरीत चाळीसच्या घरात असते आणि या एका कसोटीने निम्म्यावर येते.

चौथ्या रकान्यात एक सापळा दडलेला आहे. ज्यांच्याकडे आपले कोटेशन याच महिन्यात निर्णयासाठी ठेवलेले आहे, किंवा दराची घासाघीस चालू आहे, त्यांना दिवाळी असली तरी काहीही पाठवू नये. पुस्तक तीनशे रुपयांचे असले तरी त्या क्षणी ते पुस्तक राहत नाही, आणि परचेसचा प्रामाणिक माणूस त्यामुळे विनाकारण अडचणीत येतो. निर्णय आपल्या बाजूने लागो वा विरुद्ध, भेट त्यानंतर द्यावी. विरुद्ध निर्णयानंतर दिलेले पुस्तक मला स्वतःला अधिक आवडते, कारण त्यामागे तातडीचा काही हेतू उरलेला नसतो आणि घेणाऱ्यालाही ते दिसते.

२. भेट चालते का, हे आधी विचारा

सरकारी कार्यालये, महानगरपालिका, महामंडळे, सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्या आणि सरकारी बँका यांतील अधिकाऱ्यांना कामाच्या संबंधात पुस्तकही देऊ नये, हा माझा सरसकट नियम आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरला आहे. पुस्तकाला कोणी लाच म्हणणार नाही असे वाटत असले, तरी ते सिद्ध करण्याची वेळ आपल्यावर येऊ देण्यात शहाणपण नाही.

खाजगी मोठ्या कंपन्यांच्या आचारसंहितेत भेटवस्तूंविषयी बहुधा एक परिच्छेद असतो. काही ठिकाणी किरकोळ मूल्याची वस्तू चालते, काही ठिकाणी स्वीकारलेली प्रत्येक वस्तू नोंदवावी लागते, तर काही ठिकाणी सणासुदीच्या भेटींवर पूर्ण बंदी असते. एका परदेशी कंपनीच्या गेटवरून माझी तीन पाकिटे परत आली होती, आणि त्यासोबत धोरणाची आठवण करून देणारे अतिशय सभ्य भाषेतले पत्रही आले होते. तेव्हापासून मी एचआर किंवा परचेस विभागाला सप्टेंबरमध्येच दोन ओळींचा ईमेल पाठवतो आणि उत्तर जपून ठेवतो. उत्तर आले नाही, तर ते नाव वगळतो.

आता देणाऱ्याच्या बाजूचे बंधन. तुम्ही स्वतः चार्टर्ड अकाउंटंट किंवा वकील असाल, तर हा लेख बहुधा तुमच्यासाठी नाही, कारण दोन्ही व्यवसायांच्या नियमांनुसार प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे नवे काम मागण्यास मनाई आहे आणि संभाव्य अशिलाला दिलेली भेट त्या मनाईच्या फार जवळ जाते. माझ्या सीएंनीच मला हे हसत हसत सांगितले. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनी डॉक्टरांना काही देण्यापूर्वी केंद्र सरकारची २०२४ ची औषध विपणन संहिता वाचावी. पुस्तकासारख्या माहितीपर वस्तूला तिच्यात जागा आहे, पण प्रत्येक वस्तूमागे एक हजार रुपयांची मर्यादा घातलेली आहे.

३. माणूस समोर ठेवून पुस्तक निवडा

सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा. व्यवसायविषयक पुस्तकांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात: उद्योजकांची चरित्रे आणि आत्मचरित्रे, एखादे विशिष्ट काम शिकवणारी पुस्तके, म्हणजे उत्पादन खर्चाचा हिशोब, स्टोअरमधील साठ्याचे नियोजन, निर्यात, कौटुंबिक व्यवसायाची पुढच्या पिढीकडे सोपवणूक अशा विषयांवरील, आणि यश, सवयी, श्रीमंती यांविषयी सर्वांना लागू पडेल असे सांगणारी. तिसरा प्रकार मी भेटीतून पूर्णपणे काढून टाकला आहे. ही पुस्तके वाईट असतात असे नाही, पण ती वाचणाऱ्याकडे आधीच असतात आणि न वाचणारा ती उघडत नाही. शिवाय वीस वर्षे कारखाना चालवलेल्या माणसाला यशस्वी कसे व्हावे हे सांगणारे पुस्तक आपण द्यावे, हे जरा अतिच होते.

दुसरा प्रकार सर्वांत उपयोगी पडतो, पण तो बोलण्यातून निघालेल्या विषयाशी जुळला पाहिजे. तळेगावच्या एका मेंटेनन्स हेडने मशीन बंद पडण्याच्या कारणांची नोंदच कोणी ठेवत नाही अशी तक्रार केली होती. त्यांना मी जपानी कारखान्यांतील देखभाल पद्धतींवरील एक लहान पुस्तक दिले आणि नोंदवहीचा नमुना असलेल्या पानावर कागदाची पट्टी ठेवली. पुढच्या भेटीत ते त्या पानावरून माझ्याशी जवळजवळ भांडले, कारण तो नमुना आपल्याकडच्या तीन पाळ्यांमध्ये टिकणार नाही असे त्यांचे म्हणणे होते. ते भांडण अर्धा तास चालले. एरवी मला तेथे दहा मिनिटेही मिळत नसत.

चरित्रे सुरक्षित असतात, विशेषतः वयाने ज्येष्ठ मालकांसाठी. आपल्याकडे किर्लोस्करांसारखी उद्योगघराणी झाली, त्यामुळे कारखानदारीच्या गोष्टी मराठीत वाचण्याची सवय जुन्या पिढीला आहे. एखाद्या उद्योजकाने पहिले यंत्र कसे विकत घेतले, पहिली मंदी कशी काढली, हे ज्याने स्वतः तसे दिवस पाहिले आहेत तो मन लावून वाचतो.

निवड करताना पुढील सापळे टाळावेत.

पहिला सापळा शीर्षकाचा. पुस्तकाच्या आतले कोणी वाचो वा न वाचो, मुखपृष्ठावरील शब्द सर्वजण वाचतात. तोट्यातील धंदा सावरण्याविषयीचे एक उत्तम पुस्तक मी एका ओळखीच्या मालकांना दिले, आणि त्यांचा एक मोठा ग्राहक नुकताच तुटला आहे हे मला नंतर कळले. मला ठाऊक नव्हते, पण त्यांना तो टोमणाच वाटला असणार. कर्ज, अपयश, वेळेचे नियोजन, राग, निवृत्ती हे शब्द शीर्षकात असलेले पुस्तक भेट म्हणून देऊ नये. भावाभावांच्या वाटणीचा विषय चालू असलेल्या घरात कौटुंबिक व्यवसायावरील पुस्तकही जपूनच द्यावे. मालकांनी तो विषय आपणहून काढला असेल, तरच ते द्यावे.

दुसरा सापळा भाषेचा. इंग्रजी पुस्तक दिल्याने आपली छाप पडते या समजुतीपायी आपण मराठीत विचार करणाऱ्या माणसाला इंग्रजी जाडजूड ग्रंथ देतो आणि तो कपाटात जातो. उलट, आडनावावरून भाषा ठरवणेही चुकीचे ठरते. पिंपरी-चिंचवडमध्ये तीन पिढ्या राहिलेले अनेक मारवाडी आणि गुजराती व्यापारी अस्खलित मराठी वाचतात, आणि मराठी आडनावाच्या इंग्रजी माध्यमात शिकलेल्या तरुणाला मराठी पुस्तकाची दहा पाने जड जातात. शंका असल्यास सरळ विचारावे. तो प्रश्न कोणालाही खटकत नाही.

तिसरा सापळा अनुवादाचा. बाजारातील बरीच व्यवसायविषयक मराठी पुस्तके अनुवादित असतात आणि त्यांचा दर्जा फार वरखाली असतो. दुकानात उभे राहून पुस्तक मधोमध उघडावे आणि दोन पाने पुटपुटत वाचावीत. जीभ अडखळली, किंवा मूळ इंग्रजी वाक्य मनात उभे राहिल्याशिवाय अर्थ लागत नसेल, तर ते पुस्तक परत ठेवावे.

आणि स्वतः न वाचलेले पुस्तक देऊ नये. ‘तुम्हाला यातले काय आवडले?’ असा प्रश्न समोरून आला आणि आपण गप्प राहिलो, तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. याचमुळे माझी पुस्तकांची संख्या वर्षाला सहा-सात शीर्षकांच्या पुढे जात नाही. दोनशे पानांच्या आतले पुस्तक मला बरे वाटते.

मालक वाचतच नाहीत, पण घरात वाचन आहे, असे ठाऊक असेल तर व्यवसायविषयक पुस्तकाचा आग्रह सोडून चांगला दिवाळी अंक द्यावा. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही परंपरा अजून घराघरांत टिकून आहे, आणि अंक घरी गेला की आपले नावही त्यासोबत घरी जाते.

४. खरेदी: केव्हा, कोठून, कशी

मी पुस्तके पितृपक्षात पाहून ठेवतो. त्या पंधरवड्यात खरेदीची गर्दी नसते आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकातील दुकानदारही निवांतपणे बोलतात. प्रत्यक्ष मागणी नवरात्रात नोंदवतो, कारण एकाच पुस्तकाच्या पाच-सहा प्रती लागणार असतील तर दुकानदाराला त्या प्रकाशकाकडून मागवाव्या लागतात. दसऱ्यानंतर छपाई, बांधणी आणि वाहतूक या सगळ्यांवर दिवाळी अंकांचा ताण असतो. एकत्रित खरेदीवर सवलत मागण्यात संकोच करू नये.

नकली प्रतींपासून मात्र फार सांभाळावे. एका वर्षी ऑनलाइन एका विक्रेत्याकडे छापील किमतीच्या निम्म्याहून कमी दरात पुस्तके मिळाली म्हणून मी बारा प्रती घेतल्या. कागद पातळ होता, मुखपृष्ठावरील रंग किंचित फिके होते आणि एका प्रतीत सोळा पाने उलटी बांधलेली होती. ही गोष्ट मला कळली ती पुस्तक मिळालेल्या गृहस्थांकडून, कारण त्यांनी ते खरोखर वाचायला घेतले होते. पुस्तकाची चोरटी छपाई आणि विक्री कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा आहे, आणि नकली माल भेट देणाऱ्याच्या कामाच्या दर्जाविषयी समोरच्याने काय समजावे हा प्रश्न वेगळाच. प्रकाशकाकडून किंवा जुन्या, माहितीच्या दुकानातून घ्यावे, आणि घरी आल्यावर प्रत्येक प्रत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळावी.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे दुकानदार टॅक्स इन्व्हॉइसऐवजी बिल ऑफ सप्लाय, म्हणजे कर न लावलेले बिल, देतो. ते फर्मच्या नावाने घ्यावे. पुस्तकासोबत डायरी, पेन वगैरे घेतल्यास त्यावर भरलेल्या कराचे इनपुट टॅक्स क्रेडिट (आपल्या जीएसटीतून होणारी वजावट) भेटवस्तूंच्या बाबतीत मिळत नाही, हे लक्षात ठेवावे. एका दुकानदाराला एका दिवसात दहा हजार रुपयांपेक्षा अधिक रक्कम द्यायची असेल, तर ती चेकने किंवा यूपीआयने द्यावी, अन्यथा रोखीचा तो खर्च आयकरात अमान्य होतो.

या टप्प्यापर्यंत हाताशी असाव्यात अशा गोष्टी:
– पाच रकान्यांची यादी
– भेट चालते असे कळवणारे ईमेल
– पुस्तकांचे बिल
– साधी कोरी कार्डे आणि चांगले पेन
– तपकिरी कागद, सुतळी आणि पत्त्याची लेबले
– पानांत ठेवण्यासाठी कागदाच्या पट्ट्या

५. सोबतचे पत्र हाताने लिहा

पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’ लिहिण्याची आपली पद्धत सुंदर आहे, पण ती मित्रांसाठी. ज्याच्याशी अजून व्यवहार जुळलेला नाही त्याच्या पुस्तकावर आपले नाव कोरून ठेवू नये, कारण त्याला ते पुस्तक पुढे कोणाला द्यायचे असेल तर ती मोकळीक राहिली पाहिजे. फर्मचा शिक्का, स्टिकर आणि लोगो असलेले वेष्टन तर अजिबात नको. स्वतंत्र कार्डावर चार-पाच ओळी पुरतात. नमुन्यादाखल:

‘स. न. वि. वि. ऑगस्टमध्ये आपल्याकडे आलो असताना हवेच्या गळतीमुळे वाढणाऱ्या विजेच्या बिलाविषयी आपण बोललो होतो. या पुस्तकाचे चौथे प्रकरण वाचताना त्या बोलण्याची आठवण झाली, म्हणून प्रत पाठवत आहे. आपणास व आपल्या परिवारास दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.’

खाली सही आणि नाव. कोटेशनचा उल्लेख नाही, नव्या योजनेची माहिती नाही, ‘सेवेची संधी द्यावी’ ही ओळही नाही. ती ओळ लिहिण्याची सवय इतकी मुरलेली असते की माझ्याकडून पहिली तीन कार्डे तिच्यासकट लिहिली गेली आणि फाडावी लागली.

६. बांधणी आणि पोहोचवणे

दुकानाचे किमतीचे स्टिकर काढावे. मागील मुखपृष्ठावर छापलेली किंमत तशीच असू द्यावी, ती काळ्या शाईने झाकली तर अधिकच डोळ्यांत भरते. ऑनलाइन दुकानातून परस्पर पाठवू नये, कारण पाकिटात बिल निघण्याची शक्यता असते आणि आपले कार्ड तर त्यात नसतेच.

दसऱ्यापासून वसुबारसेपर्यंत साधारण सतरा दिवस मिळतात. त्यांतले पहिले दहा दिवस आपले समजावेत. शेवटच्या आठवड्यात मिठाईच्या खोक्यांच्या गर्दीत पुस्तक हरवते, आणि त्यानंतर कारखाने सुट्टीसाठी बंद होऊन पाकिटे सिक्युरिटीच्या खोलीत पडून राहतात. शक्य असेल तेथे स्वतः जाऊन द्यावे, मात्र दोन मिनिटांत निघावे. मोठ्या कारखान्यात वस्तू गेटवर इनवर्डमध्ये, म्हणजे आत येणाऱ्या वस्तूंच्या वहीत, नोंदवली जाते, म्हणून पाकिटावर व्यक्तीचे नाव, विभाग आणि ‘पुस्तक’ हा शब्द ठळक लिहावा. घरचा पत्ता कोणाकडून तरी मिळवून तेथे पाठवू नये, कारण लपवण्यासारखे काही नसतानाही काहीतरी लपवल्यासारखे दिसते.

टपालाने पाठवायचे असल्यास स्पीड पोस्ट बरे. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झाले आहे. मे २०२५ पासून सुरू झालेली ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा पुस्तकांसाठी स्वस्त आहे, पण ती शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक ग्रंथांसाठी आखलेली असून व्यावसायिक स्वरूपाचे प्रकाशन तिच्यात बसत नाही. सणापूर्वी पोहोचायला हवे असेल तर तिचा मोह टाळावा.

परदेशातील ग्राहकांसाठी दिवाळीचा हट्ट धरू नये. त्यांना नाताळापूर्वी पोहोचेल असे पाठवावे, किंवा तेथीलच दुकानातून मागवून कार्ड वेगळे पाठवावे.

७. हिशोब

खर्च व्यवसाय प्रसाराच्या खात्यात टाकावा आणि कोणाला काय दिले याची यादी बिलासोबत लावावी. १ जुलै २०२२ पासून, व्यवसायाच्या संबंधात एका व्यक्तीला आर्थिक वर्षात वीस हजार रुपयांहून अधिक मूल्याचे लाभ दिल्यास दहा टक्के टीडीएसची, म्हणजे देणाऱ्यानेच कर कापून भरण्याची, तरतूद लागू आहे. पुस्तकांमुळे ही मर्यादा ओलांडली जाणार नाही, पण त्याच व्यक्तीला वर्षभरात इतर काही दिले असेल तर त्याची बेरीज होते. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून जुना क्रमांक पाठ असला तरी सल्लागाराकडून खात्री करून घ्यावी.

८. त्यानंतर

‘पुस्तक मिळाले का?’ असा एक फोन कुरियरने पाठवले असेल तरच करावा. ‘वाचले का?’ हे कधीही विचारू नये. परीक्षा घेतल्यासारखे होते. कोटेशनचा विषय तुळशीचे लग्न आटोपेपर्यंत काढू नये, आणि काढताना त्यात पुस्तकाला आणू नये. समोरच्याने आपणहून पुस्तकाविषयी काही म्हटले, तर यादीत सहावा रकाना जोडून ते त्याच दिवशी त्यात लिहून ठेवावे. पुढच्या वर्षीची निवड त्या रकान्यातून होते. काहीच न बोललेल्या व्यक्तीला मी दुसऱ्या वर्षी आणखी एकदा पुस्तक देतो, तिसऱ्या वर्षी फक्त शुभेच्छापत्र पाठवतो.

पहिल्या वर्षीच्या साठांपैकी उरलेल्या प्रती पुढच्या दिवाळीत खपवण्याचा विचार माझ्याही मनात आला होता. त्या वर्कशॉपच्या कपाटात ठेवल्या आहेत, आणि रात्रपाळीचा आमचा एक फिटर त्यातली एक वाचतो आहे. त्याच्या मते पहिली चाळीस पाने वगळली तरी चालतील.